डाव्या हाताचा कोयता

मला झाडाआड उभं ऱ्हायला सांगितलं व्हतं. पुढं जायचं, पुतळा वल्या फडक्यानं पुसायचा, अन् पाव्हने यायच्या आत बादली उचलून झाडाआड व्हायचं. पाव्हन्यांना फिरवून दाखवनाऱ्या राजेश्री मॅडमनी दोनदा बजावलं, "कोकिळाबाई, फोटोत बादली यायला नको." बादली म्हनल्या, मी न्हाई म्हनल्या. पन समजायचं ते समजलं मला.

मी हितल्या इद्यापीठात झाडलोट करते, चार वर्षं झाली. गंगाखेडच्या अलीकडं माळावर हाय हे इद्यापीठ. आदी हितं कुसळं अन् करडं व्हती, आता डांबरी रस्ते अन् जागोजागी पुतळे. भंगार लोखंडाचा मोर हाय. भिंतीवर कापसाची बोंडं रंगवलीत, कलिंगडाएवढी. पुस्तकाचं झाड हाय, त्याच्या फांद्यांवर सिमिटाची पुस्तकं, त्याच्यावर कावळे बसून घान करतेत अन् ती मी पुसते. अन् लायब्ररीच्या म्होरं एक ऊसतोड्या हाय. वाकलेला, एका हातात ऊस, दुसऱ्या हातात कोयता.

तो ऊसतोड्या माजा नवरा हाय.

उगी म्हनायचं म्हनून म्हनत न्हाई. शिवप्रसाद सर, हितं चित्रकला शिकवतेत ते, त्यांनी तीन वर्षामागं त्याला म्होरं उभा करून त्याचा पुतळा केला. पंधरा दिवस चाललं ते. दुपारी आमच्याच खोलीवर जेवायचे. भाकर, ठेचा, अन् पिठलं दोनदा मागून घ्यायचे. "मामा, जरा वाका. मामा, मान खाली." हा बिचारा घंटा घंटा वाकलेला, कंबर धरली तरी हूं की चूं न्हाई. लिंबाजी त्याचं नाव. लिंबाजी सटवाजी कातकडे. पुरं नाव सांगायलेय त्याला कारन हाय, ते म्होरं येईलच.

आमी दोघांनी अठरा वर्षं ऊस तोडला. नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळीत अशीच मोजदाद असते. बारा कोयते म्हनलं की चोवीस मानसं आली समजायचं. आमच्या बाराच्या टोळीत लिंबाजी एकटा डावखुरा. डावखुऱ्याला मधी घेत न्हाईत, त्याचा हात शेजारच्याच्या अंगावर येतो. म्हनून अठरा वर्षं त्याला बांधाकडची सरी. तिकडं साप निघतो, काटं असतेत, सावली नसती. अन् त्याचा कोयता बी येगळा. बाकीच्यांची धार ज्या अंगानं, त्याची त्याच्या उलट्या अंगानं. लोहाराकडून वाक बी उलटा करून घ्यायचा. दुसऱ्या कुनी उचलला तर उसाला लागायच्या जागी आपल्याच नडगीला लागंल असा. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, अन् अंगठ्याची जागा झिजून गुळगुळीत झालेली.

आमच्या टोळीची एक रीत व्हती. सांजच्याला सगळे कोयते नागनाथ मुकादमाच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, जमा करायचे, कारन मानसं पिऊन भांडतेत अन् कोयता हाताशी असला की भांडन कुठं जाईल सांगता येत न्हाई. पहाटं मुकादम एकेक कोयता भुईवर ठिवायचा अन् त्याच्या धन्याचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव त्यानंच उचलायचा. हातातून हातात कोयता कधी द्यायचा न्हाई, अन् नाव घेतल्याबिगर उचलायचा न्हाई. अठरा वर्षं रोज पहाटं मी ते नाव ऐकलंय.

पुतळा निम्मा झाला तवा सर म्हनले, "मामा, कोयता सिमेंटचा करत नाही. तुमचा खराच द्या. त्यात जीव आहे." लिंबाजी कवा नव्हं ते इचारात पडला. दोन दिवसांनी कोयता घिऊन आला. मला म्हनला, "कोकिळे, देतो मी ह्यो. आपल्या पोरीचं, ज्ञानेश्वरीचं, शिक्षान चाललंय. तिला डावा हात माजाच आलाय. ह्यो घरात ऱ्हायला नको. हितं मी खाली ठिवला हे चार मानसांना बगू दे." मग त्यानं कोयता सरांच्या म्होरं भुईवर ठिवला अन् म्हनला, "माजं नाव घ्या अन् उचला. अन् पाटीवर बी हेच नाव लिव्हा. बाकी मला काई नगं."

सर हसले. "लिंबाजी मामा," म्हनले, अन् उचलला. "लिहू की. पाटीवर पहिलं तुमचंच नाव."

हे मी माज्या कानानं ऐकलंय. मी तिथंच, खोलीच्या दारात, भाकरी थापायले व्हते.

त्या दिवाळीत लिंबाजीला कावीळ झाली. आठ दिवसात गेला. पुतळा झाकलेलाच व्हता. उघडला तवा मी बगाय गेले. तोंड त्याचंच. खांद्याचं हाड त्याचंच. पन कोयता उजव्या हातात. ऊस डाव्या हातात. सगळा मानूस आरशात बगितल्यासारखा उलटा केलेला.

"सर, हात चुकलाय," म्हनलं.

"मावशी, वरून सांगण्यात आलं. डावा हात बरा दिसत नाही म्हणे, उद्घाटनाला मोठी माणसं येतात. कलेत एवढं चालतं."

कलेत चालतं. अवो, उसात चालत न्हाई ना. त्या धारीचा कोयता उजव्या हातात धरला तर पहिल्या घावाला पाय तुटंल. चार गावातलं कुनी बी ऊसतोडीचं मानूस हितं येऊन बगंल तर हसंल, म्हनंल कुन्या येड्याच्या हातात कोयता दिलाय. लिंबाजीसारखा कोयता चालवनारा टोळीत नव्हता, अन् त्याला येडा करून ठिवला. माज्या तळपायाची आग मस्तकात गेली व्हती. पन तवा मला कामाला लागून वरीसच झालं व्हतं अन् पोरगी बारावीला. मी गिळलं. म्हनलं, निदान नाव तरी लिव्हतेत. "नाव?" इचारलं. "पाटी लागेल तेव्हा," सर म्हनले.

त्या पाटीची मी दोन वर्षं वाट बगितली. रोज सकाळी त्याचं तोंड पुसलं. दर आठ दिसाला मुठीतला खिळा सरकवून कोयता काढायचा, त्याला गोडं तेल लावायचं अन् परत ठिवायचा, न्हाईतर पावसानं गंज चढतो. कुनी सांगितलं नव्हतं. माजा बी अर्धा हिस्सा हाय त्या कोयत्यात.

तर परवा कळलं की बाहेरून कमिटी येनार, इद्यापीठाला दर्जा द्यायला. त्यांना सगळे पुतळे फिरवून दाखवायचे. काळ्या दगडाच्या पाट्या आल्या, परत्येक पुतळ्याम्होरं बसवल्या, अन् वरून पिवळं फडकं बांधलं. फडकं पाव्हन्यांच्या म्होरं काढायचं. मला अक्षरं येत न्हाईत, सही तेवढी येती. तरी बी मी त्या पिवळ्या फडक्यावरून हात फिरवला. खाली कोरलेलं लागत व्हतं बोटाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फेरी निघाली. सहा पाव्हने, त्यात एक पांढऱ्या केसाच्या बाई म्होरक्या, सत्यशीला मॅडम म्हनायचे त्यांना. राजेश्री मॅडमच्या कमरेला भोंगा, तोंडाम्होरं माईक. शिवप्रसाद सर नवा कुडता घालून संगं. मोरापाशी टाळ्या झाल्या. बोंडांपाशी मॅडमनी सांगितलं की हे आपल्या मराठवाड्याचं पांढरं सोनं. पुस्तकाच्या झाडाखाली सगळ्यांनी फोटो काढले. मी एक पुतळा म्होरं, बादली घिऊन, पुसायचं अन् झाडाआड. माजं ध्यान एकाच पाटीकडं.

लायब्ररीपाशी आले. राजेश्री मॅडमनी दोरी ओढली, फडकं खाली पडलं, अन् त्यांनी पाटी वाचली. भोंग्यातून सगळ्या पटांगनात ऐकू गेलं.

"श्रमदेवता. शिल्पकार शिवप्रसाद. माध्यम, सिमेंट, लोखंडी सळई आणि भंगारातून मिळालेला कोयता."

बस. एवढंच. मी अजून थांबले, म्हनलं खाली बारीक अक्षरात असंल. पन मॅडम म्होरं बोलाय लागल्या, की हा कोनी एक मानूस न्हाई, हा अनामिक कष्टकरी हाय, अन् भंगारात टाकलेल्या कोयत्याला कलावंतानं नवा जल्म दिला.

अनामिक. भंगार. जो कोयता त्यानं दोन दिवस इचार करून, भुईवर ठिवून, नाव घ्यायला लावून दिला, तो भंगार. तीन वर्षात कुनाला शिव्या द्याव्या वाटल्या नव्हत्या तेवढ्या त्या घडीला वाटल्या.

पाव्हन्यातल्या एकानं सरांना इचारलं, "यासाठी कोणी मॉडेल होतं का?"

सर म्हनले, "नाही. कल्पनेतून. आपल्या भागातल्या शेकडो चेहऱ्यांमधून हा चेहरा तयार झाला."

मी झाडाआडून निघाले. बादली हातातच व्हती, ती पाटीच्या म्होरं, बरोबर फोटोत यील अशी ठिवली. राजेश्री मॅडम माईकवरच म्हनल्या, "कोकिळाबाई, आत्ता नको."

"आत्ताच," म्हनलं. "सर, माज्या घरचं पिठलं बी कल्पनेतूनच खाल्लं व्हतं का?"

सरांचं तोंड उतरलं. भोंगा नुसता घुरघुर करायलाय.

मी सत्यशीला मॅडमकडं वळले. म्हनलं, "बाई, तुमी मोठ्या, तुमालाच इचारते. हा कोयता उजव्या हातात कसा दिसतोय बगा. याची धार कुन्या अंगाला हाय? हा डाव्या हाताचा कोयता हाय. कुनी बी हो म्हना, मी काढून देते, उजव्या हातात धरून एक ऊस तोडून दाखवा. पाय जागेवर ऱ्हायला तर मी झाडू सोडून जाते. अन् हा शेकडो चेहऱ्यांचा न्हाई. हा एकाच मानसाचा चेहरा हाय. ह्यो भिवईवरचा जखमेचा वन बगा, पाचटानं कापलं व्हतं, मी हळद भरली व्हती. शेकडो मानसाला एकाच जागी वन पडत न्हाई."

सत्यशीला मॅडम पुढं आल्या. चष्मा लावून त्यांनी भिवई बगितली, मग कोयत्याची धार बगितली. मग सरांकडं बगून साध्या आवाजात म्हनल्या, "ह्यांचं म्हणणं खरं आहे का?"

"म्हणजे... थोडा संदर्भ घेतला होता," सर म्हनले. "ते इथले एक... ह्यांचे मिस्टर होते."

"नाव काय त्यांचं?"

आता ऐका. मला वाटलं, आता सांगतील. चुकले, लाजले, पाटीत सोडलं, समदं झालं, पन तोंडानं तरी सांगतील. पंधरा दिवस ज्याच्या हातचं पानी प्याले त्याचं नाव.

सर मग म्हनले, "मामा... आम्ही त्यांना मामाच म्हणायचो."

त्यांना नाव आठवतच नव्हतं. लपवलं असतं तर मी भांडले असते. पन ते इसरले व्हते. ज्या नावानं कोयता उचलला तेच नाव. मला एकदम असं झालं की लिंबाजी परत गेला, अन् ह्या येळी कावीळ बी नव्हती.

मी पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढले. मुठीतला खिळा सरकवला, कोयता काढला, खाली उतरले. राजेश्री मॅडम दोन पावलं मागं झाल्या. काय वाटलं असंल त्यांना, मी काय मारायला निघाले व्हते का. मी कोयता भुईवर ठिवला, सरांच्या पायाम्होरं.

"आमच्यात नाव घेतल्याबिगर कोयता उचलत न्हाईत," म्हनलं. "नाव घ्या अन् उचला. तुमचाच हाय."

सर नुसते कोयत्याकडं बगायलेत. मी लय येळ थांबले. खरंच थांबले. मनात म्हनत व्हते, नुसतं लिंबाजी म्हना, बाकीचं मी भरते. पाव्हन्यातल्या कुनाचा तरी फोन वाजला अन् बंद झाला.

"लिंबाजी सटवाजी कातकडे," मी म्हनलं. मुकादम म्हनायचा तसं, ठसक्यात. अन् कोयता उचलला.

सत्यशीला मॅडमनी पर्समधून वही काढली. "पुन्हा सांगा," म्हनल्या. मी परत सांगितलं, त्यांनी लिव्हून घेतलं. मी बादली तिथंच ठिवून घरी आले.

घरी आले खरी, पन दाराशी आल्यावर ध्यानात आलं. जो कोयता घरात ऱ्हायला नगं म्हनून त्यानं दिला तोच मी परत घिऊन आले. राग एवढा आला की रडू फुटलं. नवऱ्याचा बी राग आला, इश्वास ठिवला म्हनून. माजा मला बी आला, दोन वर्षं गिळलं म्हनून. आत काई न्हेला न्हाई मी तो, उंबऱ्याच्या भाईर भुईवर ठिवला.

पाचला ज्ञानेश्वरी आली. हितंच बी.एस्सी.ला हाय ती, दुसऱ्या वर्षाला. तिला कॉलेजातच समदं कळलं व्हतं. आल्या आल्या म्हनली, "आई, तुजं काम जाईल गं." अन् बोलता बोलता खाली वाकून तिनं कोयता उचलला. डाव्या हातानं. झिजलेल्या जागी बरोबर तिचा अंगठा बसला. तिनं हात हालवून बगितला अन् म्हनली, "आई, किती बरोबर बसतोय."

मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात. जल्मात तिला कधी मारलं नव्हतं. कोयता खाली पडला. पोरगी घाबरून माज्याकडं बगाय लागली.

"तुज्या हातात बसायसाठी न्हाई ठिवला तो," म्हनलं. "जा, खिळा अन् हातोडी आन. तुला लिव्हाय येतंय ना? मग पात्यावर त्याचं नाव कोर. पुरं कोर."

ती उंबऱ्यावर बसली. पातं मांडीवर घेतलं, खाली पोतं घातलं, अन् डाव्या हातानं हातोडी मारत एक एक अक्षर कोरत बसली. मी शेजारी बसून एकेक अक्षर काय हाय ते इचारत व्हते. दिवेलागन होईस्तोवर झालं. नंतर तिच्या हातावर मी खोबरेल चोळलं. ती म्हनली, "दुखत न्हाई गं आता." मला दुखत व्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या येळेला कामावर गेले. येऊ नगा असं अजून कुनी म्हनलं नव्हतं. सत्यशीला मॅडमच्या वहीत नाव गेलेलं, म्हनून हितल्या सायबांची बी जबान अडकली असंल. पुतळा तसाच वाकलेला, मूठ रिकामी. जाता येता पोरं बगायली, हसायली. मी कोयता पोत्यात गुंडाळून नेला व्हता.

सात वाजता शिवप्रसाद सर आले. कुडता न्हाई, साधा शर्ट. डोळे सुजलेले. "मावशी, माझं चुकलं," म्हनले. "कमिटी दुपारी परत येणार आहे. कोयता द्या. तुम्ही म्हणाल तसं करतो."

"पाटी?"

"पाटी ग्रॅनाईटची आहे, मावशी. ती बदलायला वर फाईल जाते. वेळ लागेल."

"अन् हात?"

त्यांनी पुतळ्याच्या रिकाम्या मुठीकडं बगितलं.

मी पोतं सोडलं. कोयता त्यांच्या पायाम्होरं भुईवर ठिवला, नाव वरच्या अंगाला. "वाचा."

त्यांनी वाकून वाचलं. "लिंबाजी सटवाजी कातकडे."

"मोठ्यानं. काल भोंगा व्हता तवा कसं भंगार ऐकू गेलं."

त्यांनी परत वाचलं. रस्त्यानं जानारी दोन पोरं थांबली. मग ते उचलाय वाकले, उजवा हात पुढं.

"डाव्या हातानं."

त्यांनी डाव्या हातानं उचलला. सवय न्हाई ना, मनगट पार वाकडं झालं, कोयता हालाय लागला. तसाच धरून ते उभे ऱ्हायले.

"आता ऐका," म्हनलं. "तुमची फाईल जाऊ दे वर. तवर हा कोयता रोज सांजच्याला माज्या संगं येनार, अन् रोज सकाळी सातला मी हितं भुईवर ठिवनार. तुमी यायचं, नाव वाचायचं, अन् डाव्या हातानं उचलून त्याच्या मुठीत ठिवायचा. पाटी बदलंपर्यंत. सुट्टी न्हाई."

"रोज?" सर म्हनले.

"त्यानं अठरा वर्षं रोज उचलला," म्हनलं, अन् झाडू हातात घेतला.